बिनबोटांचे हातमोजे

खोली भाड्याने बघायला गेलो तेव्हा बाईंनी माझं नाव, गाव, पगार यांतलं काहीही विचारलं नाही. "हात दाखवा," म्हणाल्या. मला वाटलं, बाई भविष्य बघतात. त्या काळात माझं भविष्य कुणीतरी बघण्याची फार गरज होती, म्हणून मी मोठ्या आशेने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी चष्मा वर ढकलला, माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, पेरं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "या हातांनी आजवर काही केलेलं दिसत नाही."

"मी लॅबमध्ये काम करतो," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. किल्लीबरोबरच मी 'तुम्ही'चा 'तू' झालो, तो कायमचा.

हातांबद्दलचं हे मत मला नवीन नव्हतं. मी लातूरकडचा. आमच्या घरी काचेची कुठलीही वस्तू मला ओलांडून दुसऱ्याच्या हातात दिली जात असे. आई पाहुण्यांना सांगायची, "हा अभ्यासात हुशार आहे," आणि हे सांगताना माझ्यापुढचा कप जरा आत सरकवायची. पुढे बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटलो. तिथे माझ्या पहिल्याच आठवड्यात काचसामान फुटण्याचं प्रमाण असं वाढलं, की साहेबांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्याला बढती म्हणाले.

बाई पालघरच्या एका शाळेत हस्तकला शिकवायच्या. यजमान तारापूरला वीजकेंद्रात होते. ते गेल्यावर आणि मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर घरात त्या एकट्याच उरल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, पण परत जायचं त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. सगळं बोईसर त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्या जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी आमच्या गल्लीत 'बाईंच्या घराशेजारी' असाच पत्ता सांगतात.

बाईंच्या हातात कायम एक लाकडी चौकट असायची. तळहातापेक्षा जरा मोठी, चारी कडांना बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकलेली. यजमानांनी करून दिलेली. त्या चुकांना लोकर आधी उभी गुंडाळायची आणि मग लांब सुईने आडवी विणत न्यायची, एक धागा वर, एक धागा खाली. शेवटची ओळ संपली की चौकोन चौकटीवरून अलगद सुटून हातात येतो. बाई बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत वाट बघताना, कुठेही चौकोन विणायच्या. गॅसच्या सिलिंडरला चौकोनांचा झगा होता, रिमोटला चौकोनांचं अंगडं होतं. पोळ्यासुद्धा त्या चौकोनी लाटायच्या. "डब्यात नीट बसतात," म्हणायच्या. डबा गोल होता, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

वाकडं काही त्यांना बघवत नसे. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि आधी नवरदेवाचा फेटा सरळ केला, मग मागची थर्माकोलची अक्षरं सरळ केली, आणि आहेर द्यायचा विसरून खाली आल्या. मी माझ्या दारावर नावाची पाटी ठोकली. संध्याकाळी कामावरून आलो तर पाटी सरळ झालेली, आणि माझं भोक बुजवून वर चुना लावलेला. विणताना एक धागा चुकला तरी त्या अख्खा चौकोन उसवायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, कुणाला दिसणार आहे?" तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी उगाचच शर्टाची बटणं तपासली.

या चौकोनांचं शेवटी काय व्हायचं? हातमोजे. दोन चौकोन शेजारी शेजारी जोडायचे, हाताभोवती गुंडाळायचे, दुसरी कड शिवायची, शिवताना मध्ये अंगठ्यापुरती फट सोडायची. झाला हातमोजा. बोटं उघडी, तळवा आणि मनगट झाकलेलं. उजवा-डावा भेद नाही.

आता बोईसरला थंडी अशी पडतच नाही. जानेवारीत दोन-चार पहाटे लोक कानाला मफलर बांधून थंडी असल्याची हौस भागवून घेतात, एवढंच. अशा गावात बाई एप्रिल-मे महिन्यात लोकरीचे हातमोजे वाटायच्या. एटीएमच्या वॉचमनला, पोस्टमनला, डॉक्टरांना. एका रिक्षावाल्याने कपाळ पुसत सांगितलं, "मॅडम, पसीना पोंछने को एकदम बढ़िया है." मलाही दोन जोड मिळाले. एक मी लॅबच्या एसीत घालून बसलो, तर साहेबांनी विचारलं, "काय रे, भाजलं का?"

पण ही वाटलेली सगळी मंडळी म्हणजे नुसता सराव होता, हे मला उशिरा कळलं. बाईंना हातमोजे घालायचे होते ते एकाच माणसाच्या हातात, आणि ते माणूस काही घालत नव्हतं.

जमनाबाय बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरची. बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. बाई पक्क्या शाकाहारी. घरात अंडंसुद्धा नाही. तरी रोज संध्याकाळी त्या मासळी बाजारात जायच्या, जमनाबायच्या पाटीशेजारी उलट्या टोपलीवर बसायच्या आणि चौकोन विणायच्या. समोर सुरमई, बोंबील, मांदेली, आणि मध्ये इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाई. नवीन गिऱ्हाईक त्यांनाच भाव विचारायचं. त्या सुईवरची नजर न काढता म्हणायच्या, "मला विचारू नका, मी खात नाही," आणि गिऱ्हाईक बिचकून पुढच्या पाटीकडे सरकायचं. जमनाबाय म्हणायची, "बाई, तुमी गप बसा नायतर घरी जा. धंदा बुडवाल माझा." बाई गप्प बसायच्या, पण जायच्या नाहीत.

या मैत्रीचं कारण बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही लोकरीचा गुंडा करता करता. यजमान गेले त्या दिवशी घरात त्या एकट्या होत्या. मुलगी, दीर-जावा यायला रात्र होणार होती. जमनाबाय तेव्हा पाटी घेऊन कॉलनीत फिरायची. तिला कळलं. तिने पाटी पायरीवर ठेवली, आत आली आणि माणसं येईपर्यंत बाईंचा हात धरून बसली. बाहेर उन्हात सगळी पाटी नासली. मांजरांनी खाल्लं ते खाल्लं. "कॉलनीत मासळीचा वास येतो म्हणून मी इतकी वर्षं खिडक्या लावून घेत होते," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तो वास शेजारी होता, म्हणून मी शुद्धीवर राहिले."

त्याच जमनाबायचे हात आता जात चालले होते. सकाळपासून बर्फात; बोटं पांढरी पडायची, चिरायची, आखडायची. डॉक्टरांनी सांगितलं की बर्फातलं काम सोडा, नाहीतर बोटं कायमची वळायची नाहीत. मुलगा म्हणाला, घरी बस. पण बाजारातली जागा सासूपासून आलेली, आणि ती एकदा सोडली की त्याच दिवशी दुसरी पाटी तिथे येते. "घरी बसले तर सून जेवन देईल," जमनाबाय म्हणायची, "पन दिवसभरात हाक कोन मारेल मला?" रबरी मोजे घालून पाहिले; त्यात मासळी सटकायची आणि हाताला ताजी-शिळी कळायची नाही. तेव्हा बाईंनी ठरवलं, बोटं मोकळी ठेवायची आणि तळवा-मनगट गरम ठेवायचं. चौकोन हा त्यांचा हातखंडा. जमनाबायची जागा वाचवायचा त्यांना दुसरा उपाय दिसत नव्हता.

पहिला जोड दिला, तेव्हा जमनाबायने तो कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी हात उघडेच. बाईंना वाटलं लोकर टोचत असेल. मऊ लोकर आणली. हात उघडेच. रंग आवडला नसेल, जांभळा केला. सैल होत असेल, घट्ट केला. ओला होत असेल; लवकर वाळणाऱ्या धाग्याचा केला. जमनाबाय प्रत्येक जोड कौतुकाने घ्यायची, "काय काम हाय, बाई," म्हणायची, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी परत उघड्या हाताने बर्फ उपसायची. बाईंची झोप उडाली. मला हेर म्हणून सकाळी बाजारात पाठवलं. हेरगिरीत मी एवढंच शोधून काढलं, की सकाळी पापलेट महाग असतं.

शेवटी एका रविवारी बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही नवापूरला तिच्या घरी गेलो. जमनाबायने चहा केला. बाईंनी सरळ विचारलं, "जमना, हातमोजे कुठं आहेत?"

ती आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आली. वर तिचं लग्नातलं लुगडं, त्याखाली नातीसाठी घेतलेले पैंजण, आणि त्याखाली बाईंचे सगळे हातमोजे, जोडीजोडीने, प्रत्येक जोडीत डांबराची गोळी.

"अगं, हे वापरायला दिलेत," बाई म्हणाल्या.

जमनाबायला खरंच धक्का बसला. "असल्या वस्तूला मासळीचं पानी लावू? बाई, तुमी पन. हे नातीच्या लग्नात देनार मी."

परत आल्यावर बाई घराच्या पायरीशी उतरल्या आणि म्हणाल्या, "फार चांगले झालेत, ही चूक झाली." मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाई वाईट हातमोजा करायला बसल्या. मला वाटलं, यात काय अवघड, मी तर जन्मापासून करत आलोय. पण बाईंना जमेना. मुद्दाम धागा चुकवायच्या, आणि पुढची ओळ येईपर्यंत बोटं आपसूक मागे जाऊन तो दुरुस्त करून यायची. एकदा त्यांनी एक कड वाकडी ठेवलीच; रात्रभर ठेवली. सकाळी मी चहाला गेलो तर चौकोन सरळ. "मी झोपेत उसवला बहुतेक," त्या ओशाळून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. खोली देताना बघितलं होतं तसंच, आधी हातांकडे.

"तू करशील?"

माझ्या आयुष्यात गुणवत्तेवर माझी निवड झाली ती ही एकदाच. शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली असतील, पण एवढं निर्मळ अज्ञान त्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नसावं. मी चौकट मांडीवर घेतली. पहिल्या चौकोनाला पाच कोपरे आले. ते कसे आले हे बाईंनी मला तीनदा विचारलं, एक शिक्षक म्हणून. मी आपलं चुका सारख्या ठोकलेल्या नाहीत असं म्हणून पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी ओठांवर न आणता नुसती चौकटीकडे बघून म्हटली.

पहिल्या हातमोज्याला मी अंगठ्याची फट ठेवायला विसरलो. दुसऱ्याची फट ठेवली, पण खालची कड शिवून टाकली, त्यामुळे त्यात हात जाईना. जमनाबायने तो लगेच घेतला आणि त्यात मशेरीची डबी ठेवली. बाजारातल्या आणखी दोघींनी तसल्याच पिशवीची मागणी केली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "तो हातमोजा आहे," आणि मी खाली बघत उभा राहिलो.

तिसऱ्या खेपेला जोड झाला. एक मोजा दुसऱ्यापेक्षा मोठा, गाठी सगळ्या बाहेर, रंग माझ्याच निवडीचा. जमनाबायने तो हातात घेतला आणि हसायला लागली. शेजारणीला दाखवला, ती हसली. मग पलीकडचा कोलंबीवाला हसला. डोळे पुसत जमनाबायने दोन्ही मोजे हातात चढवले आणि बर्फात हात खुपसला.

"हे बेस हाय," ती म्हणाली. "हे घान झाले तरी जीव दुखायचा नाय."

बाई टोपलीवर बसून बघत होत्या. त्यांना आनंद झाला होता, यात शंका नाही. पण जन्मभराच्या कामाला मिळालं नाही ते माझ्या गबाळेपणाला मिळताना बघून त्यांनी हातातली चौकट पिशवीत घालून टाकली, तेही मला दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी एक जोड करून ठेव. ओले झाल्यावर बदलायला."

मग मी अधिकृत पुरवठादार झालो. जमनाबायची बोटं सुधारली नाहीत, पण आणखी बिघडायची थांबली, जागा टिकली. मला मात्र गर्व झाला. मी चौकोन मन लावून करायला लागलो, गाठी लहान मारायला लागलो, आणि एक दिवस कौतुकाच्या अपेक्षेने एक जोड तिच्यापुढे धरला. तिने तो निरखून पाहिला आणि प्लास्टिकची पिशवी काढली.

"हा चांगला झाला, भाऊ. हा ठेवते."

घरी सांगितलं तर बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." पुढे मी टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत विणायला लागलो, आणि दर्जा पुन्हा हवा तेवढा घसरला.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दिवाळीनंतर बाईंनी बाजारात जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे ठीक होते. चहा देताना कप बशीत वाजायला लागला होता. त्या हल्ली मला कप अर्धाच भरून द्यायच्या, आणि मी, ज्याच्या हातून आयुष्यभर चहा सांडला तो, तो कप घाईघाईने त्यांच्या हातातून घ्यायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे. गोळ्यांनी थोपेल, जाणार नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन चौकट हातात घेतली. सुई एका धाग्याखालून जायची ती दोन धाग्यांखालून गेली. त्यांनी उसवलं. पुन्हा केलं, पुन्हा उसवलं. आठवडाभर हेच चाललं. मला फार वाईट वाटलं. इतरांचे हात थरथरतात तेव्हा कप सांडतो. बाईंचं सगळंच सांडत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर एक जोड होता. कडा चढउतार, एक कोपरा ओढलेला, एका ठिकाणी तीन धागे एकत्र. माझ्यापेक्षा वाईट नव्हता, पण माझ्या पंगतीत बसला असता.

"जमनाला दे," त्या म्हणाल्या. "तू केलास म्हणून सांग."

घरापासून बाजारापर्यंत मी वाक्याचा सराव केला. "मी केलेत," असं म्हणून जोड पुढे केला. जमनाबायने तो उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. माझ्या गाठी सगळ्या बाहेर असतात. या सगळ्या आत दडवलेल्या होत्या, नीट, एकही न दिसणारी. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"बाईंचा हात कवापासून हालतो?"

मी एका सुरमईकडे बघत राहिलो. "दिवाळीपासून," म्हणालो.

एक गिऱ्हाईक भाव विचारत होतं. त्याला तिने थांब म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता पिशवी निघणार, आता हा जोडही पेटीत जाणार. तिने जुने मोजे काढले, हे चढवले आणि मनगटापर्यंत दोन्ही हात बर्फात घातले.

"तुमीच केलेत, भाऊ," ती म्हणाली. "आपल्याला तसंच ठाऊक हाय."

घरी बाई दारातच उभ्या होत्या. "घातले?"

"घातले."

"ठेवले नाहीत ना?"

"नाही. लगेच घातले. बर्फात हात घातला."

बाई खुर्चीवर बसल्या. इतक्या जोडांनंतर त्यांच्या हातचा हा पहिला, जो पेटीत गेला नव्हता. त्यांच्या तोंडावर हसू आलं, आणि ते तसंच ठेवून त्या रडल्या. मला काय करावं कळेना, म्हणून मी टेबलावरची चौकट सरळ करून ठेवली.

दोन दिवसांनी दुपारी, बाजार लवकर आटोपून, जमनाबाय घरी आली. एरवी ती पायरीवर बसायची. त्या दिवशी सरळ आत आली आणि बाईंच्या पलंगावर बसली. हातमोजे हातातच होते.

"बाई, हे बघा तुमच्या भाडेकरूनं केलेलं," ती म्हणाली. "एक बाजू चढली, एक उतरली. काय शिकवलंत याला?"

"त्याला जमत नाही," बाई म्हणाल्या. उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला होता.

"नको जमू दे. मला असेच पायजेत. सांगा त्याला, होईल तवर करत राहा."

मी आरोपीसारखा दारात उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला दुसऱ्याच्या कामाचं श्रेय मिळत होतं, आणि ते नको म्हणायची सोय नव्हती. जमनाबायने पदराखालचा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिच्या हातांत हलत राहिला. तिने सोडला नाही. बाजाराच्या, सुनेच्या, नातीच्या गोष्टी सांगत बसली. बऱ्याच वेळाने बाईंनी खाली बघितलं.

"जमना," त्या म्हणाल्या, "तुझे हात गरम आहेत गं."